माझ्या नावाचा गुरुवार

सोमवार, १८ डिसेंबर २००६. स्थळ: मैलापूर, आमच्या ऑफिसची मागची मोठी खोली. हजर: शेषाद्री सर, मी, हनुमंतराव, त्यांचे वकील मुरली. फोनच्या स्पीकरवर युरोपातले एक वकील. त्यांचा आवाज मधूनमधून पाण्याखाली जाई आणि आम्ही सगळे माना डोलावत थांबत असू. कॉफी द्यायला, आणि माझ्या अंदाजाने ऐकायलाही, आमचं ऑफिस सांभाळणाऱ्या रोझलिन मॅडम.

माझ्या आठवणी अशाच सुरू होतात. आधी हजेरी, मग बाकीचं. इतकी वर्षं बैठकांची टिपणं लिहिल्यावर मनाला दुसरी रीत राहत नाही. काल सकाळी अड्यारच्या आमच्या गल्लीत दारादारातले कोलम एकदम मोठे झालेले दिसले. तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या होत्या आणि स्कूटरवाले त्यांना वळसा घालून जात होते. समोरच्या आजोबांनी कानटोपी चढवली होती. हवेत गारवा म्हणावा असा काही नव्हता, पण कानटोपी चढली म्हणजे मार्गळी लागला. पहाटे देवळातल्या भजनांचा आणि संध्याकाळी सभागृहांतल्या गाण्यांचा हा तमिळ महिना. डिसेंबरच्या मध्यावर येतो, पोंगलला संपतो. गाण्याच्या मैफलीला इथे कच्चेरी म्हणतात. पहिल्या वर्षी मला, कोर्टकचेऱ्यांतल्या बाईला, त्याचं हसू आलं होतं. आता येत नाही.

सगळं शहर या महिन्यात मऊ होतं. रेशमी साड्या कपाटातून बाहेर येतात, माणसं एकमेकांना रस्त्यात थांबवून कालचा राग कसा झाला ते सांगतात. मी मात्र घरी आल्यावर दाराची कडी दोनदा पाहते, संगणक बंद केल्यावर काळ्या पडद्यापुढे उगाच थोडी थांबते, कुणी विनाकारण गोड बोललं की त्याला काय हवं असेल ते शोधू लागते. बाकीचे दहा-अकरा महिने मी बरी असते.

आम्ही पुण्याहून इकडे आलो ते नितीनच्या नोकरीमुळे. त्याचा मोटारींचा कारखाना श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला, आणि माझी वकिली अधांतरी. पुण्यात मी खालच्या कोर्टात उभी राहायची: चेक न वटल्याचे दावे, बांधाचे तंटे, भाडेकरू. इथल्या खालच्या कोर्टांत तमिळ चालतं, आणि माझं तमिळ तेव्हा भाजीवाल्यापुरतं होतं. कोर्टाचं दार असं बंद झालं. उघडं राहिलं ते परदेशी करारांचं, कारण ते इंग्रजीत असत. लोक मला विचारतात, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कायद्याकडे कशा वळलात. त्यांना काहीतरी स्वप्नबिप्न अपेक्षित असतं. खरं कारण भाषेचं आहे.

शेषाद्री सरांकडे मी कराराचे मसुदे तपासायचे. ते करार करणार, सही करणार, परदेशी माणसाशी बोलणार. मी स्वल्पविराम पाहणार. त्या वर्षी पहिल्यांदाच एक काम माझ्या हाती आलं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत हनुमंतरावांचा कारखाना होता. मोटारींच्या ब्रेकना लागणारे रबरी भाग तिथे होत. तो कारखाना युरोपातली एक कंपनी विकत घेणार होती आणि आम्ही त्या घेणाऱ्या कंपनीचे वकील. विकत घेण्याआधी कारखान्याचे सगळे कागद वाचायचे आणि कुठे काय अडचण दडली आहे ते सांगायचं, हे माझं काम. नीट झालं तर युरोपातले वकील पुढची कामं आमच्याकडे पाठवणार होते आणि ती माझ्या नावाने येतील असं सरांनी मला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा तर रोझलिन मॅडमसमोर. म्हणजे पक्कं.

पूर्वी असे कागद एका खोलीत मांडत. विकणाऱ्याच्या वकिलाच्या ऑफिसात एक टेबल, भोवती फायली, दाराशी एक माणूस. झेरॉक्स काढायची नाही, हाताने टिपणं घ्यायची. त्या वर्षी पहिल्यांदा ती खोली संगणकात आली. हनुमंतरावांच्या लोकांनी सगळे कागद स्कॅन करून एका वेबसाइटवर चढवले आणि आम्हाला प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड मिळाला. इंग्रजीत त्याला भारी नाव होतं. मी मनात कागदखोली म्हणायची.

कागदखोली फार हळू उघडे. एक पान यायला इतका वेळ की तेवढ्यात कॉफी संपे. म्हणून मला एक सवय लागली, आणि मला वाटतं कागदावर वाढलेल्या माझ्या पिढीच्या सगळ्याच वकिलांना ती लागली असती. नडणारा कागद सापडला की तो बंद करायचा नाही. टेबलावर फाईल उघडी ठेवून वर पेपरवेट ठेवावा तसा तो पडद्यावर उघडा ठेवून द्यायचा. जेवायला गेलं तरी उघडा, फोनवर बोलताना उघडा. पुन्हा उघडायची कटकट नको.

मला नडणारा कागद लवकरच सापडला. हनुमंतराव रबराचं मिश्रण ज्या पद्धतीने करत ती पद्धत एका जपानी कंपनीची होती. त्या करारात शेवटच्या पानाच्या आधी एक कलम होतं: कारखान्याची मालकी बदलली तर आमची लेखी संमती लागेल, नाहीतर आमची पद्धत आम्ही परत घेऊ. ती पद्धत गेली तर युरोपातल्या कंपनीच्या हाती नुसत्या भिंती उरल्या असत्या. मी ते पान कित्येक दिवस उघडं ठेवलं. शेषाद्री सर म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. बैठकीत आपण हे अचानक काढू. त्यांची तयारी नसेल, तिथे किंमत खाली येईल."

त्या सोमवारी सरांनी चष्मा काढून पुसला. अचानक काही काढायच्या आधी ते नेहमी चष्मा पुसत. तेवढ्यात हनुमंतरावांनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर सरकवलं. आत जपानी कंपनीचं संमतीपत्र. सही, शिक्का, सगळं.

"हे लागेल असं वाटलं," ते म्हणाले.

सरांनी चष्मा पुन्हा घातला. स्पीकरमधला आवाज विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

बैठक संपल्यावर सरांनी मला थांबवलं. आमचं बोलणं नेहमी इंग्रजीत होई.

"तू आणि ते कोणत्या भाषेत बोलता?"

"मराठीत."

"कशाबद्दल?"

"जेवणाबद्दल."

"खूप जेवतात ते," सर म्हणाले.

आता हनुमंतरावांचं मराठी. तंजावरकडची माणसं ती. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली आणि भाषा जशी आणली तशी डब्यात घालून ठेवलेली. मी गिंडीचा कारखाना पाहायला पहिल्यांदा गेले तेव्हा जळक्या रबराच्या वासाने डोकं धरलं होतं. मी नाकाला पदर लावून उभी, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "कोठली तूं, अम्मा? पुण्याकडली की?"

मी वळून पाहिलं. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, पंचाहत्तरीकडे झुकलेला उंच माणूस. "दाराशीं तूं नाव सांगितलेंस तेव्हांच मज कळलें. जेवण जाहलें का?"

आजोबांच्या पत्रांतली भाषा कुणी उभं राहून, तमिळ हेल काढून बोलतंय असं वाटलं. मधेच "सरी, सरी" म्हणजे बरं, बरं. मुलांची नावं सांगून म्हणाले, "त्यांस येत नाहीं. समजतें, बोलावयाचें म्हटलें कीं तमिळ. तूं बोल माझ्याशीं. माझें तोंड गंजून गेलें आहे."

परक्या गावात कुणी आपल्या भाषेत जेवण झालं का विचारलं तर माणूस विरघळतो. मी विरघळले नाही असं म्हणणार नाही. पण समोरच्या पक्षाचा माणूस म्हणून मी त्याच दिवशी माझ्यासाठी काही नियम ठरवले. त्यांच्याशी एकटीने बोलायचं नाही. कागदांचा विषय काढायचा नाही. घरी बोलावलं तर काम संपेपर्यंत जायचं नाही. काका म्हणायचं नाही. सगळे नियम मी पाळले. फक्त एकटीने न बोलण्याचा नियम पाळून काही उपयोग नव्हता, कारण खोलीत कितीही माणसं असली तरी मराठीत आम्ही दोघं एकटेच असायचो. बाकीचे आमच्या तोंडांकडे बघत. आणि ज्याला भाषा कळत नाही त्याला प्रत्येक वाक्यात आपलं नाव ऐकू येतं.

संमतीपत्रानंतर युरोपच्या पुढच्या फोनला मला बोलावलं नाही. माझी खुर्ची होती, त्यावर सरांची बॅग होती. रोझलिन मॅडम, ज्या मला रोज दुपारी "साप्टाच्चा मा?", जेवलीस का, असं विचारायच्या, त्या माझ्याशी इतक्या काळजीने बोलू लागल्या की मला भीती वाटली. मी स्वल्पविरामांकडे परत निघाले होते, आणि एकदा फितूर म्हणून नाव झालं की या शहरात स्वल्पविरामही कुणी देत नाही.

म्हणून मी माझ्यापुरता तपास सुरू केला. सरांनी स्वतः कुणाला बोलून दाखवलं का? शक्य होतं, गाणं ऐकून आले की ते मोकळे होत आणि मुरली त्यांच्याच सभेचा, म्हणजे गाणी ठेवणाऱ्या मंडळाचा, सभासद. रोझलिन मॅडम? आमच्या ऑफिसची एक पद्धत होती: सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्याकडे लिहून द्यायचे, कुणी रजेवर गेलं तर काम अडू नये म्हणून. तेव्हा बहुतेक ऑफिसांत तसंच असे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यांच्या टेबलाच्या खणाला कुलूप होतं, किल्ली देवाच्या तसबिरीमागे, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत. मी माणसांच्या जेवायला जायच्या वेळा पाहू लागले. कोण कुणाकडून परतताना हसतं ते पाहू लागले. मार्गळीतलं ते मऊ, जास्वंदीच्या पाकळीसारखं ऊन खिडकीतून आत यायचं आणि मला त्यात फक्त कोण कुठे उभं आहे ते दिसायचं. फिल्टर कॉफीचा वास, मॅडमच्या गजऱ्याचा वास, आणि मधे मी, पोलिसासारखी.

उत्तर माणसांत नव्हतं. मला कोणतंही यंत्र घेतलं की त्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचायची खोड आहे, मिक्सरचंही वाचते. कागदखोलीचंही एक माहितीपुस्तक वेबसाइटच्या तळाशी होतं. रविवारी सकाळी, नितीन मुलीला सायकल शिकवायला समुद्रावर घेऊन गेला असताना, मी ते वाचायला बसले. शेवटाकडे एक छोटं प्रकरण होतं. खोलीचा जो व्यवस्थापक असेल, त्याला कोणी कोणता कागद उघडला आणि किती वेळ उघडा ठेवला याचा तक्ता रोज मिळतो. आणि व्यवस्थापक कोण? ज्याने खोली मांडली तो. हनुमंतराव आणि मुरली.

मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. मग उठून गॅसवरचं दूध बंद केलं. ते उतू गेलेलं होतं.

मी काहीही बोलले नव्हते. माझं पान बोललं होतं. दिवसचे दिवस जपानी करारावर माझं नाव बसलेलं त्यांनी पाहिलं, आणि जपानला पत्र पाठवलं. जुन्या खोलीत दाराशी माणूस असे, तो दिसे तरी. इथे दाराशी कुणी नव्हतं आणि सगळं पाहिलं जात होतं. हनुमंतराव मला जेवणाबद्दल विचारत तेव्हा आदल्या दिवशी मी काय वाचलं ते त्यांना ठाऊक असे. मग ते गंजलेलं तोंड, ती मुलांची नावं, ते सगळं काय होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाताळ उलटल्यावर, बुधवारी, मी माहितीपुस्तकाच्या त्या पानाची छापील प्रत काढून सरांसमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली.

"म्हणजे तू नव्हतीस."

"नाही, सर."

"छान." मग ते उठून खिडकीपाशी गेले. रस्त्यावर एक सभा संध्याकाळच्या गाण्यासाठी फलक रंगवत होती. "हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. त्यांना तो तक्ता बंद करायला सांगायचं पत्र मी तयार केलंय."

"पत्र राहू दे," सर म्हणाले. "घाई काय आहे."

संध्याकाळच्या फोनला माझी खुर्ची मोकळी होती. मी बसले. माझ्यापुरता प्रश्न मिटला असं समजून मी गुरुवारची रजा टाकली, कारण आई कोल्हापूरहून आली होती आणि तिला मद्रासचं गाणं ऐकायचं होतं. ती चेन्नईला मद्रासच म्हणे.

तो गुरुवार मला पूर्ण आठवतो. आम्ही सकाळीच मैलापूरला गेलो. देवळाच्या तळ्याभोवती फुलवाल्या बसल्या होत्या, ओल्या केळीच्या पानांचा ढीग, त्यावर शेवंती. आईला प्रत्येक गोष्टीचा भाव विचारायचा होता आणि फुलवाल्यांना तिची भाषा कळत नव्हती, तरी घासाघीस उत्तम चालली. मग सभेच्या कँटीनमध्ये रांग. या महिन्यात लोक गाण्याला जातात की कँटीनला, हा इथला जुना वाद आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, आणि शेवटी आपल्या पुरणपोळीची बहीण, बोळी, तुपात न्हालेली. आई म्हणाली, "आमटीत साखर नाही एवढं सोडलं तर चांगली माणसं आहेत." दुपारच्या मैफलीत एक अगदी तरुण मुलगी गात होती. हॉल अर्धा रिकामा, पंख्यांचा आवाज, पुढच्या रांगेतला एक म्हातारा हाताने ताल धरत झोपी गेला तरी त्याचा हात चालूच होता. आईने माझ्या मांडीवर ताल धरला, चुकीचा. मी दिवसभरात एकदाही ऑफिसला फोन केला नाही. इतका मोकळा दिवस मला चेन्नईत तोवर मिळाला नव्हता.

पुढची बैठक नव्या वर्षाच्या सुरुवातीला झाली. हनुमंतराव आले ते जाड फायली घेऊन. मुरलीच्या डोळ्यांखाली काळं. फायली सगळ्या जमिनीच्या: कारखान्याच्या जागेचा भाडेपट्टा, पावत्या, जुने नकाशे, वडिलांच्या वेळचे कागद. कुणी न विचारता मुरली त्यावर बोलू लागला, आणि पट्ट्यात उद्या काही निघालं तर हनुमंतराव स्वतः भरून देतील असंही लिहून द्यायला तयार झाला. मला नवल वाटलं. त्या पट्ट्यात काही नव्हतं. तो मी पहिल्याच आठवड्यात वाचून बाजूला ठेवला होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, आभार मानले. मग चष्मा काढून पुसला. पुढची दहा वर्षं हनुमंतराव किंवा त्यांच्या घरातलं कुणीही रबराचं कोणतंच काम करणार नाही, असं एक कलम त्यांनी टेबलावर ठेवलं. आपल्याकडे असं बंधन सहसा टिकत नाही. धंदाच विकला असेल तर मात्र टिकतं. हनुमंतरावांच्या मुलाने अंबत्तूरला रबराच्या साच्यांचा छोटा कारखाना नुकता उभा केला होता. त्याला यातून सोडवायचं कसं, यावर त्यांनी काहीच तयारी केलेली नव्हती. सगळ्या रात्री जमिनीच्या कागदांत गेल्या होत्या. मुरलीने वेळ मागितला. स्पीकर म्हणाला की आजच हवं. दुपार झाली, कॉफ्या झाल्या, हनुमंतराव दोन वेळा बाहेर जाऊन मुलाशी फोनवर बोलून आले. मग त्यांनी सही केली.

निघताना जिन्यापाशी ते थांबले. मी फायली उचलायला मदत करत होते. सर दोन पायऱ्या वर उभे होते. हनुमंतराव माझ्याकडे बघून, हळू, आमच्या भाषेत म्हणाले:

"अम्मा, गुरुवारीं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तूं तो पट्टा वाचीत बसलीस. तूं उगाच वाचणार नाहींस, असें मी मुरलीस म्हटलें. तो म्हणाला दुसरेंही पाहूं. मी म्हटलें, नको, ती पुण्याची मुलगी आहे, तिला ठाऊक असतें कोठें पाहावें."

उत्तर जिभेवर होतं, आणि वर सर उभे होते.

"काय म्हणाले?" सरांनी विचारलं.

"जेवणाबद्दल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रोझलिन मॅडमना विचारलं, गुरुवारी माझ्या टेबलावर कोण बसलं होतं. त्या म्हणाल्या, "एसी बिघडला होता मा. ज्याला जिथे वारा लागला तिथे तो बसला." आणि किल्ली ठेवलेल्या तसबिरीला त्यांनी उदबत्ती ओवाळली. मी सरांकडे गेले. म्हटलं, "गुरुवारी माझ्या नावाने कुणीतरी दिवसभर भाडेपट्टा उघडा ठेवला होता."

"तक्त्यात तसं आहे?"

"हनुमंतराव म्हणतात."

"मग तसं असेल. यंत्र खोटं लिहीत नाही, अपर्णा. हे तर तूच मला वाचून दाखवलंस."

त्यांनी ते हसून म्हटलं. ते स्वतः बसले, की कुणाला बसवलं, की खरंच कुणी वाऱ्यासाठी बसून चुकून काहीतरी उघडलं, मला माहीत नाही. चुकून असं होत नाही हे मात्र माहीत आहे. युरोपातली कामं आली, माझ्या नावाने आली. एका पत्रात त्या लोकांनी माझ्या बारीक नजरेचं कौतुक केलं होतं. पोंगलनंतर कोलम लहान झाले. अंबत्तूरचे साचे विकले गेले आणि हनुमंतरावांचा मुलगा कोइंबतूरला नोकरीला लागला. बायकोमुलं शाळेसाठी मैलापुरात राहिली. हे मला रोझलिन मॅडमनीच सांगितलं. न विचारता.

काही वर्षांनी मी स्वतःचं काम सुरू केलं. आता माझ्याकडे येणाऱ्या कंपन्या करार वाचणारी यंत्रं घेण्याआधी मला विचारतात, कारण कुठे बोट ठेवायचं ते मला कळतं अशी माझी ख्याती आहे. यंत्र किती हुशार आहे हे मी शेवटी विचारते. आधी विचारते की तक्ता कुणाला दिसतो, आणि एकाच्या नावाने दुसऱ्याला बसता येतं का. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना वाटतं मॅडम फार संशयी. त्यांच्या पडद्यांवर एकही कागद उघडा राहिलेला मला चालत नाही. ती मुलं कागदावर वाढलेली नाहीत, त्यांना मुळात उघडं ठेवायची सवयच नाही, तरी मी मागे उभी राहते.

गेल्या वर्षी एका सभेत दोन रांगा पुढे हनुमंतराव दिसले. नव्वदीपल्याड, खांदे उतरलेले, पण बसणं ताठ. मध्यंतरात मी उठले नाही. गायिका काय गायली ते मला आठवत नाही. मी एक वाक्य जुळवत होते. अशिलाची गुपितं वकिलाने जन्मभर पाळायची असतात. सरांनी काय केलं, का केलं, हे मी त्यांना सांगू शकत नाही. सर आता नाहीत, म्हणून ते बंधन सुटत नाही. ते अशिलाचं आहे. पण मी स्वतः कुठे होते हे तर माझंच आहे. अशी काटछाट करत करत मी एक वाक्य उरवलं: त्या गुरुवारी मी रजेवर होते, आई आली होती, आम्ही कच्चेरी ऐकली. यात कुणाचं गुपित नाही. मी ते उलटसुलट तपासलं आहे. फक्त त्यानंतर ते विचारतील, मग कोण होतं, आणि तिथे मला गप्प बसावं लागेल, आणि माझं गप्प बसणं त्यांनी एकदा जिन्यावर पाहिलेलं आहे.

शिवाय दुसरी बाजू आहेच. तक्ता ते रोज बघत होते. माझ्या आजोबांच्या भाषेत मला जेवण विचारत होते आणि तक्ता बघत होते. अशा माणसाला खुलासा द्यायचं मला काय पडलंय, असं मी दर मार्गळीत स्वतःला विचारते, आणि दर मार्गळीत ते पडलेलं असतं. मुरलीने दुसरंही पाहू म्हटलं होतं, ते माझ्या नावावर विसंबले. माझं नाव त्यांनी भलत्या कुणाकडून घेतलं नव्हतं, मीच त्यांना गिंडीला सांगितलं होतं.

आज सकाळी फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला. तमिळमध्ये बोलली, नीट, पण घाईत. सासरे आंघोळीला गेलेत, आता येतीलच, थांबता का. मी म्हटलं, थांबते. आत बादलीचा आवाज येत होता, रेडिओवर कुणीतरी आलाप घेत होतं. मग तिने विचारलं, "कोण म्हणून सांगू? नाव काय?"

मी म्हटलं, पुन्हा करते.

अजून केलेला नाही.